मधोमध काळं

रामदासपेठ, नागपूर
७ नोव्हेंबर २०२५

ताई,

नमस्कार शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

गेल्या शनिवारी अमोल संत्री द्यायला आला होता. तुझा मुलगा गुणी आहे, पण पोटात काही ठेवत नाही. चहा पिता पिता म्हणाला, "मावशी, मामाजी आले होते न आमच्याकडे. दोनदा. आईची बॅटरी दुरुस्त कराले." दिवाळीचा फराळ संपायच्या आत दोनदा. कामठीहून पारशिवनीला एसटीनं, या वयात. आणि कामठीहून माझं घर किती लांब? एका शेअर ऑटोत बसलं की झालं. माझ्याकडे आपला भैयाजी एकदाही आलेला नाही.

भाऊबीजेला त्यानं आपल्या दोघींच्या ताटात एकसारख्या बॅटऱ्या टाकल्या. एकसारख्या, हे मुद्दाम लिहिते आहे. साडी नाही, पाकीट नाही, अंधारात धरायची बॅटरी. त्याची सून करिष्मा पदराआड हसत होती. तो मात्र केवढ्या अभिमानानं सांगत होता, की बाजारातून आणल्या तेव्हा भिंतीवर उजेडाच्या मधोमध काळा ठिपका पडायचा आणि भोवती कडी दिसायची. मग यानं दोन्ही उघडल्या, दिव्याखाली खाकी पुठ्ठ्याची चकती घातली, दिवा चकचकीत वाटीत केसभर वर उचलला आणि ठिपका गेला. जन्मभर पॉवरलूमच्या मोटारींची वाइंडिंग केलेला माणूस, निवृत्त झाला तरी हात स्वस्थ बसत नाहीत. मला ते सगळं आवडलं होतं. मग तुझ्याच बॅटरीत असं काय बिघडलं की तो धावत सुटला?

आणखी एक मनात आहे तेही लिहिते. मावसभाऊ विक्रमच्या मुलीच्या साखरपुड्यात भैयाजी माझ्या समोरून गेला आणि त्यानं ओळख दिली नाही. तू मागून हाक मारलीस तेव्हा मात्र लगेच वळला. भाऊबीजेलाही माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघत होता, तोंडाकडे नाही. माझं काही चुकलं असेल तर सांगा बाई दोघं मिळून.

फोनच केला असता, पण तुझ्या कानातलं यंत्र फोन लागला की शिट्टी वाजवतं आणि तू "कोण वं, कोण" करत ठेवून देतेस. म्हणून हे अमोलच्या हाती. मत्सर म्हण हवं तर. होतो आहे.

इंदू

पारशिवनी
१४ नोव्हेंबर २०२५

इंदू,

आशीर्वाद मी आधीच देऊन टाकते, तुझ्यासारखे राखून ठेवत नाही.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, "साठी उलटली तरी बॅटरीवरून भांडून राहिल्या दोघी." मी म्हटलं, "तुमाले बहीण असती त समजलं असतं." मनोहररावांनी पेपर तोंडासमोर धरला.

आता ऐक. तुझ्या जिन्यात दिवे, लिफ्टमध्ये दिवे. तुझी बॅटरी टेबलाच्या खणात झोपलेली असणार. मला सांजेला गुरांच्या कोठ्यापासून शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत रोज जावं लागतं, आणि पेंचच्या जंगलाकडून डुकरं येतात ती काही सांगून येत नाहीत. भैयाजी म्हणतो, "तुले आयकू येत नाही, मंग दिसलं तरी पाहिजे न वं. डुक्कर मांगून आलं त तुले समजन काय?" म्हणून त्याला माझी बॅटरी बिनचूक हवी आहे. यात तुझा काय अपमान झाला?

तो आला की भर दुपारी कापसाची खोली बंद करून भिंतीवर उजेड पाडतो. उजवा डोळा गच्च मिटतो आणि डाव्यानं बघतो, मोटारीची तार बघायची त्याची तशीच सवय होती. मग म्हणतो, "मधात काळं हाये अजून." पहिल्या खेपेला त्यानं आणखी एक चकती घातली. दुसऱ्या खेपेला वाटीवर वार्निशचे बारीक थेंब फवारले. वाटी आता संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे. त्यानं कडी मोडतात म्हणे, आणि उजेड सगळीकडे सारखा सांडतो. काळं आहे का म्हणशील, तर आहे जरासं. तो परत येणार आहे.

मी त्याला गोळाभात करते. पोटभर खातो. तुझ्याकडे "भूक नाही" म्हणतो असं तूच मागे लिहिलं होतंस, त्याला मी काय करू?

तू कॉलेजात होतीस तेव्हा तीन वर्षं त्याच्या कामठीच्या खोलीत राहिलीस. रोज संध्याकाळी तो तुझ्यासाठी आलुबोंडे आणायचा, हेही तूच मला पत्रातून कळवायचीस. मी इथं सासरी, मला तो दिवाळीला दिसायचा. तेव्हा मी किती जळले ते तू कधी विचारलं नाहीस. आता माझी पाळी आहे आणि मी ती पुरवून पुरवून घेणार.

मनाताई

रामदासपेठ
२८ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि मी भैयाजीला फोन केला. म्हटलं, "माझ्याही बॅटरीत मधोमध काळं दिसतं. तू ताईचीच तेवढी बघणार का?"

तुला खरं सांगते, कारण तुला सांगितल्याशिवाय मला मजा येत नाही. काळं-बिळं काही नाही. माझ्या पियूषला दाखवली, त्याच्या बायकोला दाखवली, स्वच्छ पांढरा गोल पडतो. मी थाप मारली. तुझ्याकडे भाऊ येतो तर माझ्याकडेही यायला हवा.

आला. दुसऱ्याच दिवशी, हत्यारांची पिशवी घेऊन. मी गोळाभात केला होता, तुझ्यापेक्षा तेल जरा जास्तच घालून. पण तो आधी बॅटरी आण म्हणून बसला. न्हाणीघराचं दार लावलं, टाइलवर उजेड पाडला, उजवा डोळा मिटला. मी मनात म्हटलं, आता हा म्हणेल, "इंदू, काहून फसवून राहिली वं?" आणि मी हसेन, आणि दोघं जेवायला बसू.

तो म्हणाला, "हाये. मधातच हाये. ताईच्यात हाये तसंच."

ताई, मला रडूच आलं. तो माझं मन राखत होता. म्हातारी बहीण रुसली आहे, हिला "हो" म्हणा आणि मोकळे व्हा. तुझ्याकडे खरं काम आणि माझ्याकडे नाटक. माझी थाप त्यानं ओळखली असती तर चाललं असतं गं, रागावला असता तरी चाललं असतं. चहाचा कप टेबलाच्या कडेवरच टेकवला, पडून फुटला, तरी त्याचं लक्ष नाही, इतकी जायची घाई. बोलला तेही पुन्हा माझ्या खांद्याशी. बॅटरी घेऊन गेला आहे. माझ्याकडे आता भाऊ नाही आणि बॅटरीही नाही. तू घे पुरवून पुरवून.

इंदू

पारशिवनी
३ डिसेंबर २०२५

इंदू,

शनिवारची वाट न पाहता अमोलला हे घेऊन पाठवते आहे. भांडण बाजूला ठेव आणि नीट वाच.

माझ्याही बॅटरीत काळं नाही. भाऊबीजेच्या दिवसापासून नव्हतं. तो पहिल्यांदा भिंतीकडे बघून म्हणाला, "काळं दिसते न वं ताई?" तेव्हा मी "हो" म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर तो संध्याकाळच्या गाडीनं गेला असता आणि पुढं आला नसता. मग दर वेळी म्हटलं. चार-पाच खेपा झाल्या त्याच्या. मागच्या खेपेला त्यानं काचेखाली बटर पेपर लावला. आता उजेड मऊ पडतो, पण पायापुरताच. धुऱ्यापर्यंत पोचत नाही. परवा सांजेला डुक्कर पाच हातांवर आलं तेव्हा मला दिसलं. मी त्यालाही हे सांगितलं नाही आणि यांनाही नाही.

तू म्हणतेस त्यानं तुझं मन राखलं. भैयाजीनं आजवर कुणाचं मन राखलं आहे? मला बघायला आले होते तेव्हा भर बैठकीत, यांच्या तोंडावर म्हणाला होता, "दात पुढं हायेत, पण मानूस बरा वाटते." हे अजून ते उगाळतात. तो खोटं बोलत नाही, इंदू. त्याला येतच नाही. खोटं आपण दोघी बोललो.

तुझ्या बॅटरीत काळं नाही आणि माझ्या बॅटरीत काळं नाही, आणि त्याला दोन्हींत मधोमध दिसतं. मग ते कुठं आहे?

मला तुझ्या पत्रातला तो कप टोचतो आहे. इथंही तो अंगणात मान वाकडी करून चालतो. मी म्हटलं मान धरली असेल, तेल लावून दिलं. तुझ्या घराभोवती दवाखानेच दवाखाने आहेत. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. उद्याच्या उद्या ने. कसं नेशील ते मला विचारू नको, थापा मारायला तू काही माझ्याहून कमी नाहीस.

मनाताई

रामदासपेठ
१३ डिसेंबर २०२५

ताई,

नेलं. थाप मारूनच नेलं. "माझे डोळे तपासायचे आहेत, एकटीला भीती वाटते," म्हटलं तेव्हा मुकाट्यानं आला. डॉक्टरीणबाईंना मी त्याच्या नजरेचं आधीच सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर काका तुमचेही बघून घेऊ."

त्यांनी त्याच्या हातात चौकटीचौकटींचा एक कागद दिला, मधे काळा ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला सांगितलं. त्यानं सवयीनं उजवा झाकला. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "बाई, याच्यात ठिपका कोणी पुसला? मधातल्या चौकटीच गेल्या." मग डावा झाकला. "आता ठिपका हाये. पन रेघा वाकड्या काढल्या तुमी."

पुढं औषधं घातली, फोटो काढले, त्याचा मुलगा सुशील कामठीहून येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतं असं बाई म्हणाल्या. डाव्या डोळ्याची मधली नजर गेली, ती येणार नाही. उजव्यात नुकतं सुरू झालं आहे. डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागेल, म्हणजे तो बहुतेक टिकेल. पहिलं काल दिलं. डोळ्यात सुई म्हटल्यावर मीच तोंड फिरवलं, तो मात्र शांत होता. बाईंना त्यानं एकच विचारलं, "मंग बॅटऱ्या चांगल्या होत्या म्हनजे?" त्यांना काही कळेना. मी म्हटलं, हो रे, चांगल्या होत्या.

बाईंनी आणखी एक सांगितलं. अशा माणसाला समोरचं नेमकं दिसत नाही, म्हणून तो नजर जराशी बाजूला नेतो आणि कडेनं बघतो. ताई, तो माझ्या खांद्याकडे बघायचा तेव्हा माझा चेहरा शोधत होता. आणि मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रागवायची.

इंजेक्शनांसाठी तो आता माझ्याकडेच राहणार आहे. सुशील आणि करिष्मा दोघंही नोकरीला जातात, त्यांनाही तेच बरं. मला आनंद झाला आहे, अगदी लाज वाटावी इतका. सकाळी तो माझ्या ओट्याशी बसून लसूण सोलतो. शेजाऱ्यांना सांगतो, "इंदूनं ओळखलं म्हनून वाचलो." ओळखलंस तू, पण तुझं नाव माझ्या तोंडून निघत नाही. मला ते माझ्याकडे ठेवायचं आहे.

आपण दोघी खोटं बोललो हे त्याला सांगायची गरज नाही, असं मला वाटतं. तू काय म्हणतेस?

इंदू

(दिवाळीच्या सुमारास दाखवलं असतं तर डावा थोडा वाचला असता, असंही बाई बोलल्या.)

पारशिवनी
१९ डिसेंबर २०२५

इंदू,

शेवटचं वाक्य तू कंसात, बारीक अक्षरांत लिहिलंस. मी ते सगळ्यांत आधी वाचलं.

तुझ्याकडे तो लसूण सोलतो हे वाचून मी जळले, ते आधी सांगून टाकते. माझं नाव तू गिळलंस त्याचाही राग आला. पण तो राग मला दिवसभर पुरला नाही. रात्रीची भाकरी थापता थापता एकेक आठवायला लागलं. दिवाळीनंतर तो कुठं होता? माझ्याकडे होता. माझ्या कापसाच्या खोलीत, माझ्या शेजारी उभा राहून विचारत होता, "दिसते न वं ताई?" एकदा जरी मी म्हटलं असतं, "मले नाही दिसत गा," तरी तो शहाणा माणूस आहे, त्यानं आपल्या डोळ्यावर हात ठेवून बघितलं असतं. मी "हो" म्हणत होते आणि भात वाढत होते. तू एकदा खोटं बोललीस आणि त्यातून हे उघडकीला आलं. मी चार-पाचदा बोलले आणि त्याचा डोळा गेला.

आणि तरी, इंदू, त्या खेपा परत दे म्हटलं तर माझा हात सुटत नाही. हे मी देवासमोरही बोलले नसते.

त्याला सांगायची गरज आहे की नाही ते तू ठरवू नको. मी शनिवारी, सत्तावीस तारखेला अमोलच्या गाडीतून येते. कापूस वेचायचा आहे तो राहील. तुला रागवायचं असेल तर जिन्यात रागव, त्याच्यासमोर नको.

मनाताई

रामदासपेठ
५ जानेवारी २०२६

ताई,

तू आलीस, सांगितलंस आणि गेलीस. तुझ्या आवाजाची पट्टी तुला कळत नाही, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मयुरानंही सगळं ऐकलं. "भैयाजी, मले काळं दिसतच नव्हतं गा. तू याव म्हनून मी हो म्हनत होती." मी ताटं मांडत होते. भैयाजी खाली बघत, अगदी हळू बोलला. तुला ऐकू आलं नाही. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "काय म्हनते?"

मी म्हटलं, "भात वाढ म्हनते."

तू डोळे पुसत भात वाढलास, त्यानं खाल्ला, आणि तुला वाटलं त्यानं तुला माफ केलं. तसं त्यानं केलंच होतं, पण तो ते म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, "गेला त्याचं काय करतं आता. थोडंफार दिसे तवा ताईकडे चार-पाच खेपा झाल्या, तिले पाहून घेतलं. इंदूकडे जाचं राहून गेलं."

मी हे तुला तिथल्या तिथं सांगू शकले असते. सांगितलं नाही. तुला पाहून झालं आणि माझं राहून गेलं, हे मी स्वतःच्या तोंडानं, तुझ्या कानाशी ओरडून कसं सांगू? त्या क्षणी तू मला नकोशी झालीस. इतके दिवस ते वाक्य मी माझ्याजवळच ठेवलं. ते तुझ्यासाठी होतं. मी उघडून बघितलं एवढंच, आता तुझं तुला पाठवते आहे.

तू गेल्यावर मीही माझी थाप त्याला सांगितली. तो रागावला नाही. म्हणाला, "नुसतं ये म्हनलं असतं त आलो नसतो काय वं?" याचं उत्तर तुला सुचलं तर मलाही कळव.

तू इथं ठेवून गेलीस त्या तुझ्या बॅटरीचा बटर पेपर त्यानं काढून टाकला आहे. वाटी तशीच खरखरीत राहू दिली आहे, पण एक चकती कमी केली. चाचणी मी आणि पियूषनं गच्चीवरून केली, तो बाजूला उभा राहून विचारत होता आणि आम्ही दिसेल तेच सांगत होतो. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत उजेड जातो. धुऱ्यापर्यंत नक्की जाईल. अमोलच्या हाती देते आहे.

बारा तारखेला दुसरं इंजेक्शन आहे. तू आदल्या दिवशी राहायला ये. नुसतीच ये, काही निमित्त काढू नको. जेवायला बसू तेव्हा त्याच्या समोर बसू नको, समोरचं त्याला दिसत नाही, बाजूला बसावं लागतं. त्याचा उजवा डोळा अजून बरा आहे, म्हणून उजवीकडची जागा तो आल्या दिवसापासून मी माझ्यासाठी धरून ठेवली आहे. सुनेलाही तिथं बसू देत नाही. अकरा तारखेला तिथं तू बस, मी डावीकडे बसेन.

नमस्कार.

इंदू